वाचकांचे प्रश्न : साखळीच्या कडीचा सांधा

उसाचा गळीत हंगाम तोंडावर आला की सीमाभागातून साखळीविषयीची पत्रे वाढतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत. पहिल्या आणि तिसऱ्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण पहिल्यात सगळ्या विषयाचा पाया आहे आणि तिसऱ्यात माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

प्रश्न : संकेश्वरजवळ आमचे फॅब्रिकेशनचे दुकान आहे. जनावरांच्या दाव्याच्या आणि ट्रॉलीच्या फाळक्याच्या साखळ्या आम्ही बाहेरून आणून विकतो. ४ ते ८ मिलिमीटर जाडीच्या साखळ्या येथेच तयार करण्याचा विचार आहे. यंत्र विकणारे फक्त केव्हीएचा, म्हणजे यंत्राच्या विद्युत क्षमतेचा, आकडा सांगतात. कडीचा सांधा नेमका कसा होतो आणि यंत्र घेताना काय पाहावे?

उत्तर : तार सरळ करून ठरावीक लांबीत कापली जाते, तिला इंग्रजी 'सी'सारखा बाक दिला जातो आणि आधीच्या कडीत ओवून तोंडे जवळ आणली जातात. पुढचे काम विजेचे आहे. सांध्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे जबडे कडीवर टेकतात आणि ट्रान्सफॉर्मर त्यांच्यामधून अवघ्या काही व्होल्टच्या दाबाने हजारो अँपिअरचा प्रवाह सोडतो. दोन टोके जेथे एकमेकांना टेकलेली असतात तेथे रोध सर्वांत जास्त असतो, म्हणून उष्णता तेथेच साठते. पोलाद वितळण्यापूर्वीच, साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला, ते लोण्यासारखे मऊ होते आणि त्याच क्षणी जबडे दोन्ही टोके एकमेकांत दाबतात. या दाबण्याला कारागीर 'अपसेट' म्हणतात. धातू फुगून बाहेर येतो, त्याच्यासोबत टोकांवरचा गंज आणि घाणही बाहेर ढकलली जाते, आणि आत स्वच्छ धातूला स्वच्छ धातू भिडतो. या पद्धतीत वेल्डिंगची कांडी लागत नाही आणि बाहेरचा धातू सांध्यात येत नाही. एलिहू थॉमसन यांनी अमेरिकेत या तऱ्हेच्या विद्युत वेल्डिंगचे पेटंट १८८६ साली घेतले, आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे.

साखळीच्या कडीत एक अडचण असते, ती सरळ सळईच्या सांध्यात नसते. कडी वर्तुळासारखी बंद असल्यामुळे विजेला दोन वाटा मिळतात. एक वाट सांध्यातून जाते आणि दुसरी कडीच्या मागच्या अंगाने वळसा घेते. मागच्या वाटेने गेलेला प्रवाह वाया जातो आणि ते अंग विनाकारण तापवतो. टोके नीट टेकलेली नसतील, तिरपी कापलेली असतील किंवा त्यांवर गंज असेल, तर सांध्यातील प्रवाह कमी होतो आणि मागच्या वाटेचा वाटा वाढतो. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की वेल्डिंग यंत्राच्या आधी तार कापण्याच्या यंत्राकडे पाहा. काप काटकोनात आणि प्रत्येक तुकडा सारख्या लांबीचा निघत नसेल, तर पुढचे कितीही भारी यंत्र ती चूक भरून काढू शकत नाही.

तुमच्या ४ ते ८ मिलिमीटरच्या मालाला वर सांगितलेले अपसेट बट वेल्डिंगच, म्हणजे टोकाला टोक भिडवून दाबून जोडणेच, पुरेसे आहे. फ्लॅश बट पद्धतीत टोके किंचित अंतरावर ठेवून ठिणग्या उडवत वितळवली जातात आणि मग झटक्यात दाबली जातात. ती जाड कड्यांसाठी आहे, आणि जहाजाच्या नांगराच्या साखळीपर्यंत तिची मजल जाते. केव्हीए विचाराच, पण तो आकडा किती ड्यूटी सायकलला, म्हणजे एकूण वेळेपैकी किती टक्के वेळ प्रवाह सोडण्यासाठी, आहे हेही विचारा, कारण सहसा तो ५० टक्क्यांना दिलेला असतो आणि सलग काम करणाऱ्या दुकानात यंत्र त्याआधीच तापून बसते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दाब. पायाच्या पेडलने दाब देणारे यंत्र स्वस्त मिळते, परंतु सकाळी दहा वाजता कामगाराच्या पायात असलेला जोर संध्याकाळी पाचला राहत नाही, आणि तो फरक सांध्यात उतरतो. हवेच्या सिलिंडरने दाब देणारे, टायमर असलेले आणि जबड्यांतून पाणी फिरणारे अर्धस्वयंचलित यंत्र घ्या. पैसे कमी पडत असतील तर केव्हीएत तडजोड करा, दाबात करू नका.

पूर्ण स्वयंचलित जोडीत एक यंत्र वेटोळ्यातील तारेपासून कड्या वाकवून ओवत जाते आणि दुसरे त्या जोडते. शेजारच्या दोन कड्या एकमेकींशी काटकोनात असल्यामुळे पुष्कळ यंत्रे एका फेरीत एकाआड एक कडी जोडतात आणि उरलेल्या कड्यांसाठी साखळी पुन्हा फिरवावी लागते. एवढा माल बेंदराच्या आणि चिंचलीच्या यात्रेच्या बाजारात खपेल याची खात्री झाल्याशिवाय त्या खर्चात पडू नका.

तार कमी कार्बनची, सुमारे ०.१ टक्का कार्बन असलेली घ्या. बांधकामावर उरलेल्या टीएमटी सळईच्या कड्या करण्याचा मोह पुष्कळांना होतो. त्या सळईची ताकद मुख्यतः पाण्याने विझवून कडक केलेल्या बाहेरच्या थरात असते, तो थर वेल्डिंगच्या उष्णतेने मऊ पडतो आणि सळईवरील उंचवट्यांमुळे तांब्याचा जबडा नीट टेकत नाही. ती सळई या कामाची नाही.

प्रश्न : चिकोडी तालुक्यातील आमच्या शेडमध्ये दुपारी केलेल्या कड्या चांगल्या निघतात. संध्याकाळच्या पाळीत मात्र त्याच तारेच्या, त्याच टायमरवर केलेल्या कड्या हातोड्याच्या एका घावात सांध्यावर उघडतात. कामगार बदलून पाहिला, तरी फरक पडत नाही.

उत्तर : कामगाराचा दोष नाही. तुमच्या शेडमधील व्होल्टमीटर दुपारी आणि संध्याकाळी वाचून लिहून ठेवा. आसपासचे पंप सुरू झाले की विजेचा दाब (व्होल्टेज) उतरतो, आणि सांध्यातील उष्णता या विजेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ४१५ व्होल्टच्या जागी ३७० व्होल्ट आले तर दाब केवळ ११ टक्क्यांनी उतरतो, पण उष्णता जवळजवळ २० टक्क्यांनी घटते. कडी बाहेरून लालभडक दिसते, आत मात्र ती दाबण्याइतकी मऊ झालेली नसते.

टायमर वाढवणे हा उपाय अर्धवट आहे, कारण वेळ वाढला की उष्णता जबड्यांत आणि कडीच्या मागच्या अंगात पसरत जाते. प्रवाह मोजून तो कायम राखणारा कंट्रोलर बसवता येतो, आणि या यंत्रावर तो खर्च मी योग्य मानतो. तोवर एक साधी शिस्त पाळा. व्होल्टमीटरवर लाल खूण करा, काटा तिच्या खाली गेला की वेल्डिंग थांबवा आणि तेवढ्या वेळात तार कापण्याचे व वाकवण्याचे काम उरका. प्रत्येक शंभर कड्यांमागे एक कडी शिकंजात धरून मोडेपर्यंत ओढा किंवा पिळा. चांगली कडी आधी लांबते, मग मोडते, आणि मोडते ती सांध्यापासून दूर.

प्रश्न : अथणी भागात उसाच्या मोळ्या उचलण्यासाठी आम्ही १० मिलिमीटरची साखळी वापरतो. तिच्या कड्यांवर '८' असा ठसा आहे. एक कडी तुटली, ती लो-हायड्रोजन कांडीने चांगली भरून वेल्ड केली. कारखान्याच्या यार्डातील माणसाने ती साखळी वापरू दिली नाही. वेल्डिंग तर मूळ कडीपेक्षा जाड दिसते. त्याचे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : पूर्णपणे बरोबर आहे आणि त्याचे आभार माना.

तो ठसा ग्रेड ८० चा आहे. म्हणजे तुटण्याच्या वेळी कडीच्या दोन्ही अंगांच्या मिळून क्षेत्रफळावर दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन इतका ताण ती झेलते. १० मिलिमीटर सळईचे क्षेत्रफळ ७८.५ चौरस मिलिमीटर, दोन अंगांचे १५७. गुणाकार केला की सुमारे १२५ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ पावणेतेरा टन होतात. त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास, ३.१५ टन, एवढाच भार एकेरी साखळीवर सरळ उचलायचा असतो. ही ताकद केवळ जाडीतून येत नाही. मिश्रधातूचे पोलाद बट वेल्ड करून, तापवून, विझवून आणि पुन्हा मंद तापवून ती आणलेली असते, आणि त्यानंतर प्रत्येक मीटर साखळी ओढून तपासलेली असते. तुमच्या कांडीच्या उष्णतेने सांध्याजवळचा एक पट्टा ठिसूळ झाला, त्याच्या पलीकडचा मऊ पडला, आणि हे दोन्ही डोळ्यांना दिसत नाही.

दुसरे कारण मी स्वतः हातात धरून पाहिले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वर्कशॉपमध्ये अशीच कांडीने भरलेली कडी भार उचलताना सुटली. सुदैवाने खाली कोणी नव्हते. तुटलेले तोंड मी उजेडात धरले. कडेने नखाएवढ्या जाडीचे ताजे, चकचकीत राखाडी कडे होते, आणि मधला सगळा भाग निळसर काळा होता. तेथे दोन टोके एकमेकांजवळ नुसती उभी होती, ती कधी जोडलीच गेली नव्हती. शेजारची कडी आड येत असल्यामुळे कांडी आतल्या बाजूला पोहोचली नव्हती, आणि बाहेरून घातलेला जाड थर एखाद्या झाकणासारखा वर बसला होता. त्या झाकणावर ग्राइंडर फिरवून ते इतके सफाईदार केले होते की तुटण्यापूर्वी मीही ती कडी चांगलीच म्हटली असती. त्या दिवसापासून उचलण्याच्या साखळीवर कांडी लावू द्यायची नाही, असे मी ठरवले आहे.

तुटलेली कडी काढून त्या जागी त्याच ग्रेडची, खिळीने बंद होणारी तयार जोडकडी बसवता येते. मात्र त्याआधी उरलेली सगळी साखळी तपासा, कारण एक कडी तुटली म्हणजे बाकीच्या कड्यांनीही तोच भार सोसलेला असतो. व्हर्नियर लावून दोन कड्या एकमेकींवर घासतात ती जागा मोजा. १० मिलिमीटरची कडी तेथे ९ मिलिमीटरपेक्षा बारीक झाली असेल, किंवा साखळी नव्याच्या मानाने ५ टक्के लांबली असेल, तर ती साखळी मोडीत द्या. आणि मोडीत देण्यापूर्वी तिचे तुकडे करा, म्हणजे ती दुसऱ्या कोणाच्या ट्रॉलीवर जाऊन बसणार नाही.

प्रश्न : आमचे आजोबा निपाणीजवळच्या गावात लोहारकाम करीत. भात्यावर तापवून घणाने जोडलेली त्यांची मोटेची साखळी अजून आमच्याकडे आहे, एकही कडी उघडलेली नाही. मग विजेच्या सांध्याची गरज काय?

उत्तर : ती साखळी जपून ठेवा. तुमच्या आजोबांनी केलेले काम हेही दाबूनच जोडण्याचे आहे, फक्त विजेच्या जागी कोळसा आणि अपसेटच्या जागी घण. टोके तिरकी पातळ करून एकावर एक बसवायची, टाकणखार टाकायचा म्हणजे तापल्यावर वरचा ऑक्साइड पातळ होऊन निसटतो, आणि पांढऱ्या धगीवर असतानाच पहिले घाव पटापट घालायचे. कोळशाचा धूर आणि लोखंडाचा रंग यांवरून ताप ओळखणे ही पुष्कळ वर्षांची तपश्चर्या असते. साखळी जुन्या घडीव लोखंडाची असेल तर आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूची होती, कारण त्या लोखंडातच काचेसारखी मळी तंतूंसारखी पसरलेली असते आणि ते आजच्या पोलादापेक्षा सहज जुळते.

नीट पाहिलेत तर त्या कड्यांचा सांधा बहुधा वाकणाच्या टोकाला दिसेल, कारण ऐरणीच्या शिंगावर घाव घालायला तेच सोयीचे असते. विजेच्या कडीत तो सरळ अंगाच्या मध्यावर ठेवतात. वाकणावर शेजारची कडी घासते आणि भाराने तेथे वाकवणारा ताणही पडतो, सरळ अंगावर घासणे नसते. इंग्लंडमधील क्रॅडली हीथ येथे १९१० साली संप करून किमान वेतन मिळवणाऱ्या स्त्रिया घरामागच्या भट्टीवर अशाच हाताने साखळ्या घडवीत असत. आजोबांच्या साखळीवर भार मात्र टाकू नका. तिचा प्रत्येक सांधा वेगळ्या घावांनी झाला आहे, आणि ती ओढून तपासलेली नाही.

प्रश्न : खानापूरच्या पावसात साखळ्या लवकर गंजतात. जस्त चढवलेली तार आणून तिच्याच कड्या वेल्ड केल्या तर चालेल का?

उत्तर : नाही. जस्त ९०७ अंशांना उकळते, म्हणजे पोलाद मऊ होण्याच्या कितीतरी आधी. त्याची वाफ सांध्यात शिरते, तांब्याचे जबडे खराब करते, आणि तो पांढरा धूर श्वासात गेला तर त्याच रात्री थंडी वाजून ताप भरतो. साध्या तारेच्या कड्या जोडा, सांध्याची फुगवटी गरम असतानाच छाटा आणि मग तयार साखळीवर जस्त चढवून आणा. हे फक्त जनावरांच्या आणि फाटकाच्या साखळीसाठी आहे. ग्रेड ८० च्या साखळीवर असे जस्त चढवू नये, कारण त्याआधी तिला आम्लात बुडवतात, तेव्हा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि कडी भाराखाली अचानक तडकू शकते. तशा साखळीला तेल लावून ती छपराखाली टांगून ठेवावी.