उतारी, खूण की संकेत?

विचारणा अशी आहे: ब्रिज नव्याने शिकणाऱ्यांसाठी मराठीत टिपण लिहायचे आहे. त्यात ‘ओपनिंग लीड’ला ‘प्रारंभिक आघाडी’, ‘डिफेन्सिव्ह सिग्नल’ला ‘बचावात्मक इशारे’ आणि ‘पार्टनर’ला ‘भागीदार’ म्हटले तर चालेल का?

भागीदार दुकानात असतो, पत्त्यांत असतो तो भिडू. हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळलेला आहे की त्याबद्दल अधिक बोलायला नको.

‘आघाडी’ मात्र अजिबात नको. आघाडी म्हणजे दुसऱ्याच्या पुढे असणे. इथे कोणी कोणाच्या पुढे गेलेले नसते, हाताचे पहिले पान टाकलेले असते. त्याला मराठीत अस्सल शब्द आहे, उतारी. मे महिन्याच्या सुट्टीत मेंढीकोट खेळलेल्या कोणालाही ‘उतारी कोणाची?’ हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. ‘उतरणे’शी त्याचे नाते उघड आहे, हातातले पान खाली उतरते. ज्याने हात केला त्याची पुढची उतारी, हा नियमही ब्रिजमध्ये तसाच आहे. फरक फक्त सुरुवातीच्या पानाचा. बोली, म्हणजे किती हात करणार याची चढाओढ, संपली की ती जिंकून डाव खेळणाऱ्याच्या डाव्या हाताला बसलेला खेळाडू उतारी करतो, आणि त्यानंतरच डमीची, म्हणजे डाव खेळणाऱ्याच्या भिडूची, तेरा पाने टेबलावर उघडी होतात. म्हणजे ही एकच उतारी अशी की ती करताना समोर काहीच दिसत नसते. तिला ‘पहिली उतारी’ म्हणावे.

आता ‘सिग्नल’, म्हणजे टाकलेल्या पानातून भिडूला काही कळवणे. इथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण शब्द चुकला तर खेळाची नीतीच चुकीची कळेल.

आमच्या घरी पत्ते पिसायच्या आधी आजी बजावायची, ‘खाणाखुणा चालणार नाहीत.’ नाक खाजवले की बदाम, कान धरला की इस्पिक, हे प्रकार सगळ्या घरांत ठाऊक असतात. म्हणून पत्त्यांच्या संदर्भात ‘खूण’ आणि ‘इशारा’ या शब्दांना लबाडीचा वास चिकटला आहे. ब्रिजमध्ये या लबाडीला जागा नाही. डुप्लिकेट ब्रिजच्या (स्पर्धांत खेळतात तो प्रकार) नियमावलीतला नियम 73 सांगतो की भिडूंनी एकमेकांशी बोलायचे ते फक्त बोलीतून आणि खेळलेल्या पानांतून. आवाजातून, हातवाऱ्यांतून किंवा मुद्दाम वेळ लावून नाही. 1975 साली बर्म्युडात झालेल्या जागतिक स्पर्धेत भिडू एकमेकांना दिसू नयेत म्हणून टेबलावर आडवे पडदे लावले होते. तरी एका जोडीवर टेबलाखालून पायांनी खुणा केल्याचा आरोप आला आणि मग टेबलाखालीही आडोसा करावा लागला. त्या होत्या खुणा. आपल्याला हवा असलेला शब्द याच्या नेमका उलट अर्थाचा आहे.

माझ्या मते तो शब्द ‘संकेत’. संकेत म्हणजे आधी ठरवून घेतलेली गोष्ट. अमुक शब्दाचा अमुक अर्थ घ्यायचा, या ठरावालाही आपल्या शास्त्रकारांनी संकेतच म्हटले. (प्रेमिकांनी भेटायला ठरवलेली जागा ती संकेतस्थळ, आज त्याच शब्दाने आपण वेबसाइट उघडतो.) ब्रिजमधला संकेतही असाच ठरलेला असतो, आणि तो प्रतिस्पर्ध्यांपासून लपवता येत नाही. त्यांनी विचारले तर काय ठरले आहे ते सांगावेच लागते.

उदाहरण घेऊ. ब्रिजमध्ये खेळाडूंना दिशांची नावे देतात; इथे पश्चिम आणि पूर्व या भिडू आहेत, डाव समोरच्या जोडीचा आहे. हुकूम इस्पिकचे आहे. पश्चिमेने बदामाचा एक्का उतरला. राजाही तिच्याकडेच आहे. पूर्वेकडे बदामाची दोनच पाने, नव्वी आणि दुर्री. ती आधी नव्वी टाकते, राजावर दुर्री. मोठे पान आधी, लहान नंतर, याचा ठरलेला अर्थ ‘हेच चालू ठेव’. पश्चिम तिसऱ्यांदा बदाम खेळते आणि पूर्व हुकमाने कापते. याला मी ‘रुकाराचा संकेत’ म्हणेन. पहिल्याच वेळी लहान पान पडले तर नकार. पाने सम आहेत की विषम हे कळवणारा तो ‘सम-विषम संकेत’. आणि तिसरा मला सर्वांत देखणा वाटतो: कापायला दिलेला तो तिसरा बदाम पश्चिमेने मोठा टाकला तर ‘परत चौकट खेळ’, लहान टाकला तर ‘किलवर’. याला ‘मागणीचा संकेत’ म्हणा.

मोठे-मग-लहान या जोडीला ब्रिटनमध्ये ‘पीटर’ म्हणतात. ब्रिजच्या आधीच्या व्हिस्ट या खेळाच्या काळात ही हुकूम मागायची रीत होती आणि तिचे नाव ‘ब्लू पीटर’ या निशाणावरून आले. बंदर सोडायला निघालेल्या जहाजावर ते चढवत. म्हणजे त्यांनीही शब्द आपल्या रोजच्या जगण्यातूनच उचलला.

उतारी स्वतःही बोलते, हे टिपणात जरूर यावे. बिनहुकुमी डावात लांब रंगातले वरून चौथे पान उतरायची रीत आहे. समजा सत्ती उतरली. 11 मधून 7 वजा करा, उरले 4: सत्तीहून मोठी चारच पाने बाकीच्या तिघांकडे आहेत. एक्क्याला 14 धरले तर उतारी करणाऱ्याकडे वरची तीन आहेतच, म्हणून 14 ऐवजी 11.

राहिला ‘बचावात्मक’. डाव खेळणाऱ्याच्या विरुद्धची जोडी काही वाचवायला बसलेली नसते, त्याची बोली बुडवायला बसलेली असते. त्यामुळे विशेषण गाळून सरळ लिहावे: ‘पहिल्या उतारीवर भिडूने टाकलेले पान नीट पाहा, बोली बुडवायची तर त्यातला संकेत कळायला हवा.’