तोच डाग, त्याच जागी

प्रश्न : माझे वय 38. वर्षातून एकदोनदा खालच्या ओठाच्या कडेला आणि उजव्या मनगटावर रुपयाएवढा लालभडक चट्टा उठतो, आग होते आणि आठवड्याभरात तो काळा पडतो. दर वेळी जागा अगदी तीच. वांगी, शेंगदाणे बंद करून पाहिले, फरक नाही. औषध म्हणाल तर रोज फक्त थायरॉइडची गोळी घेते. हे कशामुळे होत असेल?
– एक वाचक, सांगली

उत्तर : वांग्यांवरचा आळ काढून टाका. गोल चट्टा, ठरलेली जागा आणि मागे उरणारा काळा डाग, हे वर्णन ‘फिक्स्ड ड्रग इरप्शन’शी जुळते, म्हणजे एखादे औषध न सोसल्याने उठणारा चट्टा. ओठावर हर्पिस हा विषाणूचा आजारही वारंवार येतो. पण त्यात बारीक फोडांचा पुंजका असतो आणि असा काळा डाग सहसा मागे राहत नाही.

जागा तीच का, याचे कारण त्वचेतच आहे. पहिल्या वेळी औषधाविरुद्ध चवताळलेल्या टी पेशींपैकी (शरीराच्या संरक्षक पेशींपैकी) काही त्याच जागी, बाह्यत्वचेच्या तळाशी, मुक्काम ठोकतात. ते औषध पुन्हा पोटात गेले की त्या तिथल्या तिथे हल्ला चढवतात. म्हणून पहिला चट्टा उठायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात, पण पुढच्या खेपेला अर्ध्या तासापासून आठ तासांत खेळ सुरू होतो. या माऱ्यात रंगद्रव्य खालच्या थरात सांडते, तोच करडा-काळा डाग.

थायरॉइडची गोळी रोजची आहे आणि चट्टा वर्षातून एकदोनदा, तेव्हा तिच्यावर संशय कमी; ती मनाने बंद करू नका. शोधायचे ते अधूनमधून घेतलेले औषध. जुलाबावर मेडिकलमधून आणलेल्या दोन गोळ्या, दाढदुखीवरची एखादी, पाळीतल्या दुखण्यावरची एखादी. यांना आपण औषध घेतले असे समजतच नाही, आणि चोर बहुतेक वेळा तिथेच सापडतो. आपल्याकडचे नेहमीचे संशयित म्हणजे नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन आणि त्यांच्या जोडीचे टिनिडाझोल किंवा ऑर्निडाझोल (नावापुढे ‘टीझेड’, ‘ओझेड’ असलेल्या गोळ्या), कोट्रायमोक्साझोल, डॉक्सिसायक्लिन, गजकर्णावरचे फ्लुकोनाझोल, आणि निमेसुलाइड, मेफेनॅमिक अ‍ॅसिडसारखी वेदनाशामके. क्वचित साधे पॅरासिटामॉलही.

पुढच्या वेळी चट्टा दिसताच आधीच्या 24 तासांत पोटात गेलेले सगळे लिहून काढा, रिकाम्या स्ट्रिपचा फोटो घ्या. गोळीत दोन औषधे असतील तर दोषी ठरेपर्यंत दोन्ही टाळा. शिवाय ‘निडाझोल’ने संपणारी नावे एकाच घराण्यातली, ऑर्निडाझोल नडले तर टिनिडाझोल, मेट्रोनिडाझोल, सेक्निडाझोलही त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको.

खात्रीसाठी पॅच टेस्ट (संशयित औषध कातडीवर लावून पाहणे) होते, पण ती जुन्या डागावरच लावावी लागते. पाठीच्या निरोगी कातडीवर त्या पेशीच नसल्याने काही उमटत नाही. चट्टा बसल्यावर काही आठवडे थांबूनच ती करतात. घरी गोळी घेऊन ‘बघू या काय होते ते’ हा प्रयोग मात्र नको. दर खेपेला डाग वाढू शकतात.

प्रश्न : यजमानांना लिंगावर असाच डाग दोनदा उठला. घरात नको त्या शंका निघाल्या. हा गुप्तरोग असेल का?
– नाव न देण्याची विनंती

उत्तर : ओठांप्रमाणेच लिंगाचे टोकही या चट्ट्याची आवडती जागा आहे, तेव्हा तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. दोन्ही वेळी आधी कोणती गोळी घेतली होती ते आठवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. जखम असेल तर रक्ततपासणी ते सांगतील. ती करून घेतलेली बरी, शंकाही मिटते.

प्रश्न : काळा डाग घालवायला मेडिकलमधले गोरेपणाचे मलम चालेल का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : नाही. त्यात अनेकदा स्टेरॉइड असते, त्याने नाजूक कातडी पातळ होते. चट्टा ताजा असताना डॉक्टर काही दिवस स्टेरॉइड मलम देतात, ओठावर सौम्य. उरलेला रंग खोलवर असतो, तिथे मलम फारसे पोचत नाही. तो महिनोन्‌महिने रेंगाळतो, पण औषध पुन्हा घेतले नाही तर हळूहळू फिकटतो.

अंगभर चट्टे, मोठे फोड, कातडी सोलणे, ताप, डोळे लाल होणे किंवा तोंड आतून सोलवटणे, यांतले काहीही दिसले तर संशयित औषध थांबवून त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. आणि दोषी ठरलेल्या औषधाचे मूळ नाव (कंपनीचे नव्हे) चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा, कारण दुकानदार ‘तेच आहे, फक्त कंपनी वेगळी’ म्हणून देतो ते खरोखरच तेच असते. अशा त्रासाची नोंद 1800-180-3024 या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही करता येते.