औषधाच्या द्रावणात दहा मिनिटं बुडवून ऑपरेशनची हत्यारं वापरली तर चालतात का?

तुम्ही लिहिलंय की कराडजवळ दहा खाटांचं हॉस्पिटल सुरू होतंय, ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेनं हत्यारं निर्जंतुक करणारं मशीन, एकच आणि तोही लहान. कंपनीचा माणूस सांगून गेलाय की त्याच्या द्रावणात दहा मिनिटांत ‘सगळे जंतू’ मरतात. मग दर केसला ऑटोक्लेव्ह लावायची गरज काय?

गरज आहे. जे हत्यार कातडी कापून आत जाणार, ते ऑटोक्लेव्हमधूनच यायला हवं. मी मिरजेत 21 वर्षं ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर म्हणून काम करतेय, गेली काही वर्षं निर्जंतुकीकरण विभाग बघते, म्हणून इतक्या ठामपणे सांगते.

सगळे जंतू सारखे चिवट नसतात. एचआयव्हीसारखे चरबीचं आवरण असलेले विषाणू लवकर मरतात. पोलिओसारखे बिनआवरणाचे जास्त टिकतात, टीबीचा जंतू त्याहून जास्त. धनुर्वात आणि गॅस गँगरीनचे बीजाणू, म्हणजे त्या जंतूंचं टणक कवचातलं सुप्त रूप, मात्र स्पिरिटला दाद देत नाहीत, आणि उकळून ते मेले असतील असा भरवसा धरता येत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा एका दवाखान्यात गाळातून काढलेली हत्यारं स्पिरिटनं पुसून ट्रेमध्ये लावताना मी पाहिली आणि तिथंच थांबवली. धनुर्वाताचे बीजाणू राहतातच मातीत.

त्या माणसाला एकच विचारा: बीजाणूंना किती वेळ लागतो? आपण ज्याला सरसकट सायडेक्स म्हणतो, त्या 2 टक्के ग्लुटाराल्डिहाइडला बाकीच्या जंतूंसाठी साधारण 20 मिनिटं लागतात, बीजाणूंसाठी 10 तास. दोन केसच्या मध्ये दहा तास कुठून काढणार?

वेळ पाळली तरी नंतर हत्यारं धुवायचं पाणी घात करतं. मी पूर्वी जिथं नोकरीला होते तिथली गोष्ट. तासगावकडच्या एका बाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. टाके सुकले, बाई घरी गेल्या. महिन्याभरानं बेंबीजवळच्या छिद्रापाशी गाठ आली, ती फुटली, पाणी वाहू लागलं. नेहमीची अँटिबायोटिक्स देऊन उपयोग होईना. तपासणीत टीबीच्या जातकुळीतला, पण पाण्यात राहणारा जंतू निघाला. आम्ही हत्यारं सायडेक्समधून काढून ज्या पातेल्यातल्या ‘उकळलेल्या’ पाण्यात खळबळत होतो, ते पाणी सकाळी उकळून दिवसभर उघडं ठेवलेलं असायचं. द्राक्षांच्या ऐन ऑक्टोबर छाटणीत त्या बाईंना बाग सोडून दवाखान्याच्या खेपा घालाव्या लागल्या, औषधं कित्येक महिने चालली. ते पातेलं भरून ठेवणाऱ्यांत मीही होते. म्हणून लेन्ससारखी उष्णता न सोसणारी वस्तू द्रावणातच ठेवावी लागली, तर ती निर्जंतुक पाण्यानंच धुवा, आणि दर वेळी नवीन पाणी घ्या.

त्याआधीचं काम घासण्याचं. माझ्या मते निम्मं निर्जंतुकीकरण सिंकवर होतं. नवीन मुलींना मी एक आर्टरी फोर्सेप (रक्तवाहिनी धरायचा चिमटा) देते, वरून चकचकीत धुतलेली. ती उघडून बिजागरीच्या फटीत ओली पांढरी गॉज फिरवायला सांगते. गॉज तपकिरी होऊन बाहेर येते. दुर्बिणीच्या हत्याराच्या नळीत सिरिंजनं पाणी सोडलं तर पहिली धार गुलाबी निघते. त्या रक्ताखाली दडलेल्या जंतूपर्यंत द्रावणही पोचत नाही आणि वाफही नीट पोचत नाही. केस संपल्याबरोबर हत्यारं उघडून, सुटी करून कोमट पाण्यात एन्झाइमचं डिटर्जंट घालून भिजवा. गरम पाणी आणि स्पिरिट आधी नको, त्यानं रक्तातलं प्रथिन उकडलेल्या अंड्यासारखं घट्ट होऊन चिकटतं. ब्रश पाण्याखाली चालवा म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. मग कोरडं करा. ओलं हत्यार सायडेक्समध्ये टाकलं की द्रावण पातळ होत जातं, आणि डब्यावर 14 दिवस लिहिलं असलं तरी ते आधीच निकामी होऊ शकतं. रोज वापरण्याआधी द्रावणाची ताकद दाखवणारी पट्टी बुडवून बघा. खोलीत हवा खेळती ठेवा, त्या वाफेनं डोळे चुरचुरतात आणि काही जणींना दम लागतो.

ऑटोक्लेव्ह साधा असेल तर कापडात बांधलेल्या सेटला 121 अंश, 15 पौंड दाब, 30 मिनिटं. वेळ मोजायची ती तापमान चढल्यावर, बटण दाबल्यापासून नाही. मध्येच लाइट गेली तर पहिल्यापासून. ड्रम (सामान ठेवायचा भोकांचा डबा) ठासून भरू नका, आत जाताना त्याची भोकं उघडी आणि बाहेर आल्याबरोबर बंद. गाठोडं ओलं निघालं तर ते निर्जंतुक धरू नका. गाठोड्यावरची रंग बदलणारी टेप काळी झाली म्हणजे टेपला उष्णता लागली, एवढंच कळतं. गाठोड्याच्या पोटातही रंग बदलणारी एक पट्टी ठेवा आणि आठवड्यातून एकदा बीजाणूंची कुपी लावून ते मेले का ते बघा.

तुमची खरी अडचण ऑटोक्लेव्ह लहान असण्याची आहे. द्रावणाचे कॅन भरण्याऐवजी त्या पैशांत हत्यारांचे आणखी दोन सेट घ्या, म्हणजे एक ओटीत, एक मशीनमध्ये, एक तयार. आणि ब्रश मऊ नायलॉनचे घ्या, तारेचे नकोत. तारेनं स्टीलवर ओरखडे उठतात आणि रक्त नेमकं तिथंच बसतं.