भंगारातल्या मोटरीत सापडलेला दोरा

"मॅडम, मुलगा मेंदी काढतो. काढतो चांगली, पण... तुमच्या लक्षात आलं ना, मला काय म्हणायचंय?"

येतं लक्षात. समुपदेशकाच्या या खुर्चीत बसून अठरा वर्षं झाली. छंद बदलतो, 'पण' तोच राहतो. कुणाचा मुलगा रांगोळी काढतो, कुणाचा भरतनाट्यम शिकायचं म्हणतो, कुणाचा बहिणीच्या वेण्या घालून देतो. एका आजोबांची तक्रार होती की नातू पुरणपोळी लाटतो आणि ती सुनेच्या पोळीपेक्षा पातळ होते. 'पण'नंतर आवाज खाली जातो आणि वाक्य अर्धं सोडलं जातं, बाकीचं मी ओळखायचं.

त्या अर्ध्या वाक्याचं उत्तर मी फोनवरच देऊन टाकते, कारण त्यासाठी कुणाची फी घ्यावी असं मला वाटत नाही. मूल हाताने काय करतं यावरून ते मोठेपणी कुणावर प्रेम करेल हे कळत नाही. आणि उद्या मुलाला मुलगेच आवडले, तरी तो आजार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कलम ३७७ बाबतच्या निकालात सांगितलं की प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध हा गुन्हा नाही, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्पष्ट केलं की असा कल 'बदलून देण्याचे' उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे. तेव्हा कुणी "महिन्याभरात सरळ करून देतो" म्हणालं तर चपला घालून घरी या.

एवढं सांगूनही घरातली रात्रीची झोप काही परत येत नाही. ती का येत नाही, हे मला एका मोटर भरणाऱ्या माणसाने शिकवलं. कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. गाव आणि खुणा बदलल्या आहेत. मुलाला आपण समीर म्हणू.

समीर आठवीत. वडिलांचं तालुक्याच्या गावी मोटर रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या, पिठाच्या गिरणीच्या जळलेल्या मोटरी तिथे 'भरायला', म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून घ्यायला येतात. एका रविवारी भंगारवाला आला म्हणून त्यांनी कोपऱ्यातली जुनी मोटर ओढली, तर तिच्या रिकाम्या खोळीतून पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा, क्रोशाची सुई आणि तळहाताएवढा अर्धा विणलेला गोल रुमाल बाहेर पडला. भंगारवाला हसला. वडिलांनी समीरच्या कानाखाली काढली आणि त्यानंतर पाच आठवडे ते त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

ते पहिल्यांदा आले तेव्हा खुर्चीच्या कडेवर बसले. बोटांच्या पेरांत वार्निश मुरलेलं. टेबलावर त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी ठेवली, पुरावा ठेवावा तशी. आत तोच रुमाल, ऑइलचे डाग पडलेला.

"पोरगं बायकी निघालंय मॅडम. तुम्ही बघा काय ते."

इथे मी चूक केली, आणि ती लिहिलीच पाहिजे. मी भाषण दिलं. बालगंधर्वांचं सांगितलं, की त्यांच्या नेसण्याची आणि केशरचनेची घरंदाज बायका कशी नक्कल करायच्या. मग वारलीवर आले. लग्नाचा चौक लिहिणं हे पूर्वापार सवाशिणींचं काम. जिव्या सोमा म्हसे नावाच्या पुरुषाने ते हातात घेतलं, रोज काढलं, जगभर नेलं आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला वाटलं, काय चपखल उदाहरण दिलं!

ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "ती मोठी माणसं, मॅडम. माझं पोरगं उद्या सकाळी शाळेत जाणार हाय."

तेव्हापासून थोरामोठ्यांची उदाहरणं मी पालकांसमोर काढत नाही. पद्मश्री मिळणार असेल तर चालेल, असा त्याचा अर्थ होतो.

समीरशी एकट्याशी बोलले. सहावीत पाय मोडला होता, दीड महिना प्लास्टर. आज्जीने वेळ जावा म्हणून सुई हातात दिली. प्लास्टर निघालं, सुई राहिली. वर्गात एकाने बघितलं आणि तो 'काकू' झाला. त्याने डबा खाणं सोडलं, कारण डबा खातानाच सगळे एकत्र बसतात.

मी विचारलं, "विणायला एवढं का आवडतं?"

"विणायला नाही," तो म्हणाला. "मोजायला. मोजत असलं की डोक्यात दुसरं काही येत नाही."

मी ते वहीत लिहून ठेवलं. तेव्हा त्याचा उपयोग कुठे होणार हे माहीत नव्हतं.

पुढच्या दोन भेटी वडिलांच्या 'लोक काय म्हणतील'मध्ये गेल्या. माणसाला छळते ती घटना नव्हे, घटनेबद्दलचा त्याचा समज छळतो, हे मानणाऱ्या परंपरेतली मी. अल्बर्ट एलिसनी १९५५ मध्ये ही उपचारपद्धती सुरू केली. मला ती भावली कारण ती माणसाला प्रश्न विचारायला लावते. मी कागद पुढे केला. "लोक म्हणजे कोण? नावं लिहा." बराच वेळ गेला. चार नावं झाली. त्यातलं प्रत्यक्ष कोण काय बोललं? एकच, थोरले भाऊ. बाकीचे तिघे काही बोललेच नव्हते, ते बोलतील असं वाटत होतं. त्यांनी कागदाकडे पाहिलं, घडी घातली, खिशात ठेवली. फरक पडला, पण वरवरचा. घरी जाऊन त्यांनी समीरला एवढंच विचारलं, "जेवलास का?"

चौथ्या भेटीला मी जोडीने बोलावलं. समीरच्या आईचा तोवर आवाजच ऐकला नव्हता. बोलता बोलता कळलं की पाचवीतली धाकटी मुलगी शाळा सुटली की दुकानात जाऊन बसते.

"ती उद्या मोटर भरायला शिकली तर?" मी विचारलं.

त्यांचा चेहरा उजळला. "शिकतीयच की! कॉइलला कागद घालती. भंगारातलं बेअरिंग ओळखती. मी फोटो टाकलाय, दाखवू?" मोबाइल काढलासुद्धा.

"तिला नाही आणलंत माझ्याकडे? पुरुषी झाली म्हणून?"

मोबाइल हातातच राहिला. आणि इतका वेळ पदराचं टोक गुंडाळत बसलेली ती बाई नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "पोरगी तुमचं काम शिकली तर वर चढली, आन पोरगं माझं काम शिकलं तर खाली पडलं. मग सोळा वर्षं मी कुठं हाय ओ?"

प्रश्न माझा होता, एवढं श्रेय घेते. उत्तर मात्र माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. अशा वेळी समुपदेशकाला फार मोह होतो, वर दोन वाक्यं चढवायचा. मी गप्प बसले. पंख्याचा आवाज येत होता.

त्यांनी पिशवी ओढून घेतली. रुमाल काढला, टेबलावर पसरला, तर तो एका बाजूने वाटीसारखा उचलला जात होता. त्यांनी तो तळहाताने दाबला. पुन्हा उचलला. मग माझ्याकडे न बघता अंगठ्याच्या नखाने ते कडेचे खांब, म्हणजे उभे टाके, मोजू लागले, ओठ न हलवता. जळलेली कॉइल सोडवताना जुने टर्न, म्हणजे तारेचे वेढे, मोजावे लागतात. ते काम या बोटांनी वीस वर्षं केलेलं होतं.

"त्याला आत बोलवा."

समीर आला. दारातच उभा.

"हितं किती पाहिजेत?"

"बारा, चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस." तो जमिनीकडे बघून म्हणाला. "प्रत्येक फेरीला बारा वाढतात."

"ही कितवी फेरी?"

"चौथी."

"चव्वेचाळीस भरलेत."

समीरने मान वर केली. "माहितीये. त्या बाजूला वाढ घ्यायची राहिली. कमी पडलं की वाटी होते, जास्त झालं की झालर येते. उसवणारच होतो, तेवढ्यात तो भंगारवाला..."

पुढे कुणी बोललं नाही. मग वडील म्हणाले, "मोटरमधी टर्न कमी पडलं की ती तापती." आणि रुमाल त्याच्या हातात दिला. पाच आठवडे आणि चार भेटी मोजल्या तर मुलाशी बोललेलं ते सर्वात लांब वाक्य होतं.

मी या प्रसंगाचा खूप विचार केला आहे. माझी परंपरा सांगते, आधी समज बदला, वागणं मागून येईल. इथे बोटं आधी बदलली. पण बोटं पिशवीकडे गेली ती बायकोच्या प्रश्नानंतर, हेही खरं. 'बायकी' या शब्दात शिवी कुठे दडली आहे ते त्या प्रश्नाने दाखवलं. विणकाम वाईट आहे असं त्या माणसाचं कधीच म्हणणं नव्हतं. त्याच्या घराच्या दारावर आईच्या हातचं क्रोशाचं तोरण आहे. ते काम ज्यांचं मानलं जातं त्या खालच्या पायरीवर, आणि मुलगा त्या पायरीवर उतरला, हे त्याला सलत होतं. म्हणून मुलीच्या हातातल्या पान्याचं कौतुक होतं आणि मुलाच्या हातातल्या सुईची लाज वाटते. तसं पाहिलं तर त्याच गावात कपडे पुरुषच शिवतात, लग्नाचा स्वयंपाक आचारीच करतो आणि येवल्यात पैठणीच्या मागावर पुरुष बसतात. पैसे मिळू लागले की तेच काम पुरुषाचं होतं, याची गंमत कुणाला वाटत नाही.

आता जे पालक मला विचारतात त्यांना मी काय सांगते, ते सांगते.

घरात 'मदत' हा शब्द जपून वापरा. "आमचा आईला मदत करतो हं!" यातच काम आईचं ठरून गेलं. मुलाला भाकरी यायला हवी, कारण त्याला भूक लागते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात आपल्या घरचं काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७. आणि हे ९७ देखील जे पुरुष हात लावतात त्यांचे. असे पुरुष शंभरात सव्वीस होते. त्याच वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडतानाचं चित्र आलं. मुलं ते चित्र बघतात आणि मग आपल्या घरात बघतात.

चिडवणं हा वेगळा मुद्दा आहे, त्याला "दुर्लक्ष कर" हे उत्तर पुरत नाही. समीरबरोबर आम्ही सराव केला. 'काकू' म्हणाले की खुलासा द्यायचा नाही, लाल व्हायचं नाही, "बोल" म्हणायचं आणि डबा उघडायचा. पहिल्या आठवड्यात जमलं नाही. तिसऱ्या आठवड्यात चिडवणाऱ्यांना कंटाळा आला. पण अंगाला हात लावणं, वस्तू फेकणं, व्हिडिओ काढणं यापर्यंत गेलं तर सराव बाजूला ठेवून पालकांनी मुख्याध्यापकांना भेटायचं, त्याच दिवशी आणि लेखी अर्ज घेऊन. वर्गशिक्षकांना एक विनंती मी आवर्जून करते: या मुलाला सगळ्यांसमोर उभं करून 'आदर्श' बनवू नका. त्याला आदर्श व्हायचं नसतं, डबा खायचा असतो.

आणि पालकांनीही हे करू नये. समीरच्या वडिलांनी केलं. रुमाल पूर्ण झाला तेव्हा त्यांनी स्टेटसला टाकला, 'माझा वाघ'. समीर दोन दिवस घुश्शात. "पप्पा आधी लाजत होते, आता मिरवतात. मला नुसतं विणू देत नाहीत," असं मला येऊन सांगितलं. मला हसू आवरलं नाही, पण मुद्दा बिनतोड होता. याच्याच जोडीचा पालकांचा दुसरा प्रश्न म्हणजे, "ऑनलाइन विकता येईल ना मॅडम?" येईल. पण तेरा वर्षांच्या मुलाचा क्रिकेटचा छंद तुम्ही तो खेळ विकला जाईल या अटीवर चालवून घेता का?

काही मुलं छंद सोडतात. समीरसुद्धा नववीत जाता जाता विणणं कमी करून चक्क बुद्धिबळाकडे वळला आहे. आईने घाबरून फोन केला, "आमच्यामुळं सोडलं नसंल ना?" मी त्यालाच विचारलं. म्हणाला, "नाही ओ. तिथंपण मोजायचंच असतं." दुकानात मात्र त्याची सुई आहे, मल्टीमीटरच्या शेजारी, खिळ्याला अडकवलेली. वडील पातळ तार सोडवायला ती वापरतात असं कळलं.

मेंदीवाल्या मुलाच्या आईला मी फोनवर विचारलं, "काय काढतो तो? मोर, वेली, जाळी?"

पलीकडे जरा वेळ शांतता. "ते... नीट बघितलं नाही मी कधी. दिसली की हात धुवायला लावते."

म्हटलं, आज धुवू नका. बघा, आणि काय दिसलं ते सांगायला या. गुरुवारी साडेचारची वेळ दिली आहे.