टाइमटेबल मंगळवारपर्यंतच टिकतं

प्रश्न: ताई, मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, केमिस्ट्री. कागलकडून रोज एसटीनं कोल्हापूरला येते. सकाळी म्हशींच्या धारा काढून डेअरीला दूध घालायचं काम माझ्याकडंच. जर्नल अर्धं राहिलंय, प्रोजेक्टला हात लावलेला नाही, इंटर्नल तोंडावर आल्यात आणि वर एमएस्सीच्या एन्ट्रन्सचा अभ्यास. दर रविवारी टाइमटेबल करते, मंगळवारी ते कोलमडतं. आधी काय धरू कळंना. मी आळशी आहे का?

उत्तर: आळशी पोरगी पहाटे धार काढायला उठत नाही गं, तो शब्द आधी डोक्यातनं काढून टाक.

तुझा अंदाज चुकतोय आणि तो जवळपास सगळ्यांचाच चुकतो. १९९४ साली बुहलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपेल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळंच बिघडलं तर? ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५, म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजसुद्धा कमीच पडला. आपण अंदाज करताना मागच्या वेळी काय झालं ते बघतच नाही, यावेळी सगळं नीट होईल असं धरून चालतो.

म्हणून या रविवारी टाइमटेबल करू नकोस. आठवडाभर फक्त कशाला किती वेळ लागला ते वहीच्या मागच्या पानावर लिही. जर्नलमधला एक प्रयोग, कॅल्क्युलेशन आणि ग्राफसकट, तू अर्धा तास धरत असशील आणि लागत असेल सव्वा तास, तर दहा प्रयोगांना पाच नाही, साडेबारा तास लागणार. हा आकडा हातात आला की मगच टाइमटेबल कर, आणि त्यात नवरात्र आधी लिही, कारण अंबाबाईच्या गर्दीत एसटी कशा भरून येतात ते तुला मी सांगायला नको.

आता आधी काय धरायचं. माझ्या मते प्रोजेक्ट, जरी त्याची तारीख सगळ्यात लांब असली तरी. कारण ते तुझ्या एकटीच्या हातात नाही, सरांची वेळ पाहिजे, लॅब मोकळी पाहिजे, केमिकल मागवायचं तर ते यायला पाहिजे. दुसऱ्यावर अडकणारं काम आधी हलवायचं, उद्याच सरांना भेट, पाच मिनिटं का होईना, आणि विषय पक्का करून ये. जर्नलला डोकं कमी आणि हात जास्त लागतात, ते संध्याकाळी दमल्यावर कर, पण दर आठवड्याला सही घेत जा, शेवटी साठवलंस की सरांच्या टेबलापाशी रांग लागते. आणि इंटर्नल आणि एन्ट्रन्स असे दोन वेगळे अभ्यास समजूच नकोस, बराचसा सिलॅबस एकच असतो, इंटर्नलसाठी जो धडा वाचशील त्याचेच एन्ट्रन्सचे जुने प्रश्न त्याच दिवशी सोडव. एसटीत उभं राहून वाचता येत नाही, पण कालची रिअॅक्शन डोळे मिटून आठवता येते, आणि असं आठवून बघितलेलं नुसतं परत वाचण्यापेक्षा जास्त दिवस टिकतं.

अजून एक, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढं एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी केली, कारण खेड्यातल्या पोरांकडं बुद्धी होती, पण शहरात राहून निवांत शिकायला जागा नव्हती. तुलाही जागा आणि वेळच कमी पडतोय बघ. कॉलेज सुटल्यावर लगेच एसटी धरू नकोस, दीड तास लायब्ररीत बस, घरी गेलीस की घरचं काम आलंच. आणि परीक्षेच्या महिन्यापुरती सकाळची धार भावानं किंवा वडिलांनी काढावी, हे घरात आजच बोल. वहीतला साडेबारा तासांचा हिशोब त्यांच्यासमोर ठेव, नाहीतर आईला आधी दाखव, ती बोलेल.