मुलाला तलवारच नको असेल तर गादी कोणाला?

प्रश्न: जपानमधल्या जुन्या तलवारबाजीच्या घराण्यांबद्दल वाचत होतो, तिथे 'विसाव्या पिढीचे प्रमुख' वगैरे असतं. पण मुलाला त्यात रसच नसेल किंवा मुलगाच नसेल तर काय करतात? की नुसतं बापाच्या नावावर गादी मिळते?
– एक वाचक

उत्तर: मिळते की, काही ठिकाणी अगदी तशीच मिळते! पण गादी आणि विद्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तिथे आपला गोंधळ होतो. प्रमुखाला म्हणतात सोके, आणि पूर्ण विद्या शिकून झाली की गुरू देतो ते प्रमाणपत्र म्हणजे मेनक्यो काइदेन, आणि ते बाहेरच्या शिष्यालाही मिळू शकतं. टोकियोजवळच्या चिबातल्या कातोरी देवळाजवळचं कातोरी शिंतो-र्यू घ्या (र्यू म्हणजे घराणं, परंपरा), पंधराव्या शतकापासून सोकेपद इइझासा घराण्यातच आहे पण विसाव्या सोकेंच्या काळात प्रत्यक्ष शिकवायचं काम ओताके रिसुके या शिहाननी, म्हणजे मुख्य शिक्षकांनी, कितीतरी वर्षं सांभाळलं. नाव घराण्याचं, घाम दुसऱ्याचा. मला यात काही वावगं वाटत नाही, आडात आहे म्हणून पोहऱ्यात येईलच असं थोडंच आहे.

मुलगा नसेल तर सरळ दत्तक. त्यातही जावयालाच दत्तक घ्यायचं आणि त्यानं सासऱ्याचं आडनाव लावायचं, याला मुकोयोशी म्हणतात, आपल्या घरजावयापेक्षा एक पायरी पुढे! आयकिदो ही युद्धकला सुरू करणाऱ्या उएशिबा मोरिहेईंनी 1932 मध्ये नाकाकुरा कियोशी या केंदोवाल्या (केंदो म्हणजे जपानी तलवारबाजीचा खेळ) तरुणाला असंच जावई करून घेतलं, पण ते काही टिकलं नाही, तो घर सोडून गेला आणि पुढे केंदोतच मोठा झाला. मग 1969 मध्ये मोरिहेई गेल्यावर मुलगा किश्शोमारू दोशु, म्हणजे आयकिदोचा प्रमुख, झाला आणि 1999 पासून नातू मोरितेरु.

सगळ्यात भारी भानगड याग्यू घराण्याची. कामिइझुमी नोबुत्सुना या गुरूकडून 1565 मध्ये याग्यू मुनेयोशीला शिंकागे-र्यू ही तलवारबाजी मिळाली, मुनेयोशीचा मुलगा मुनेनोरी एदोत (आजच्या टोकियोत) शोगुनचा, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाचा, गुरू, म्हणजे गादी त्याचीच असं आपण म्हणणार ना? पण नागोयाची ओवारी शाखा तिसरा प्रमुख मानते मुनेयोशीचा नातू तोशियोशीला. आणि चौथा तर याग्यूच नाही, तोशियोशीचा शिष्य आणि ओवारीचा सरदार तोकुगावा योशिनाओ! पाचवा परत याग्यू, तोशियोशीचा मुलगा. म्हणजे गादी मालकाच्या घरी जाऊन परत आली, मुलगा तोवर थांबला.

जुदो त्यामानाने नवीन, त्याची मुख्य संस्था कोदोकान, तिची स्थापना 1882 ची, पण तिथेही संस्थापक कानो जिगोरोंनंतर भाचा, मग मुलगा, मग नातू असंच चाललं होतं. 2009 मध्ये उएमुरा हारुकी अध्यक्ष झाले तेव्हा पहिल्यांदा घराण्याबाहेरचा माणूस आला, 1976 च्या मॉन्ट्रिअल ऑलिंपिकचं गोल्ड मेडल होतं त्यांच्याकडे.