प्रकाशाने डावे-उजवे नॅनोकण वेगळे करता येतात का?

प्रयोगशाळेत काही प्रमाणात, कारखान्यात अजून नाही.

डावा आणि उजवा कण म्हणजे साधा शंख आणि दक्षिणावर्ती शंख. वजन, आकार, घटक सगळं सारखं, फक्त पीळ उलटा. म्हणून गाळणी किंवा सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून वेगळं करणारं यंत्र) इथे कामाचं नाही. शास्त्रज्ञ लुई पाश्चरने 1848 मध्ये टार्टरेट या क्षाराचे डावे-उजवे स्फटिक चिमट्याने निवडले होते. नॅनोकणांना तसा चिमटा चालत नाही, प्रकाशाचाच लागतो.

खरी अडचण अशी की लेझरचा झोत दोन्ही कणांना जवळजवळ सारख्याच जोराने ओढतो. पिळामुळे पडणारा फरक त्यात बुडून जातो आणि कण जितका लहान तितका जास्तच. इथे रचलेला प्रकाश कामी येतो. ध्रुवीकरण (प्रकाशलहरीच्या कंपनाची दिशा) परस्परांना काटकोनात असलेले दोन झोत तिरके एकमेकांवर टाकले, तर तीव्रता सगळीकडे सारखी राहते, पण प्रकाशाचा स्वतःचा पीळ पट्ट्यापट्ट्याने डावा-उजवा होत जातो. सामायिक ओढ जवळपास नाहीशी होते. डावे कण एका पट्टीकडे, उजवे शेजारच्या पट्टीकडे. निदान कागदावर तरी!

प्रत्यक्षात 2022 मध्ये जपानी गटाने पिळदार सोन्याच्या कणांवर दाखवलं की वर्तुळाकार ध्रुवित झोताच्या (ज्यात कंपनाची दिशा गोल फिरत राहते) फिरण्याची दिशा डावी-उजवी बदलली की ओढही बदलते. पण अडचणी आहेत: सोनं तापतं, पाण्यात प्रवाह उठतात, शिवाय ब्राउनियन धक्के (पाण्याच्या रेणूंचे सतत बसणारे धक्के) असतातच. औषधांचे डावे-उजवे रेणू वेगळे करायला मात्र सध्या क्रोमॅटोग्राफीसारख्या (रेणू एखाद्या पदार्थातून कमी-जास्त वेगाने सरकवून वेगळे करणं) जुन्या पद्धतीच धरून चाला.